बोट घेण्याआधी काय ठरवावे: नाग नदीकाठच्या वस्तीची पूर्वतयारी

प्रश्न: आमची वस्ती नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तळमजल्यावरच्या घरांत कमरेइतके पाणी होते. रहिवासी मंडळाकडे आता थोडी वर्गणी जमली असून रबरी बोट, लाइफ जॅकेट आणि भोंगा घ्यावा असा बहुतेकांचा आग्रह आहे. ही खरेदी योग्य ठरेल का, आणि वस्ती म्हणून तयारी नेमकी कशापासून सुरू करावी?

उत्तर: बोट तूर्त घेऊ नये, भोंगा घेतला तरी चालेल, आणि या दोहोंच्या आधी मंडळाने एका बैठकीत काही निर्णय करून ते लिहून काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तीवर संकट येते तेव्हा साधने बहुधा कुलूपबंद खोलीत असतात, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो त्या दिवशी बाहेरगावी गेलेला असतो. कोणती खूण दिसली की कोणी उठायचे, कोणाचे दार ठोठवायचे आणि कोणाला कुठे न्यायचे, हे कोरड्या दिवशी ठरलेले असेल तर साध्या शिट्टीवरही माणसे वाचतात. ते ठरलेले नसेल तर बोटीचा उपयोग होत नाही. शिवाय वाहत्या पाण्यात, विजेच्या तारा आणि उघड्या चेंबरांच्या मधून बोट चालवणे हे प्रशिक्षित पथकाचे काम आहे, आणि अननुभवी तरुणांच्या हाती बोट दिली तर त्यांनाच वाचवण्याची वेळ येऊ शकते.

त्या पहाटे काय झाले हे आधी नीट समजून घ्यावे, कारण ‘ढगफुटीच झाली, त्याला कोण काय करणार’ या वाक्यापाशी बऱ्याच चर्चा थांबतात. साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर क्षेत्रावर एका तासात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर हवामान खाते त्याला ढगफुटी म्हणते. नागपुरात त्या रात्री शंभर मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस झाला, पण तो काही तासांत मिळून. चोवीस तासांच्या हिशेबात 64.5 ते 115.5 मिलिमीटर हा नुसता ‘मुसळधार’ पाऊस होय. ‘अति मुसळधार’ 115.6 पासून सुरू होतो. म्हणजे दिवसभरात हळूहळू पडला असता तर ज्याची फारशी चर्चाही झाली नसती, तोच पाऊस मध्यरात्रीनंतर एकदम कोसळला आणि त्याने शहराचा पश्चिम भाग बुडवला. जिल्ह्यासाठी, चोवीस तासांसाठी दिलेला पिवळा किंवा नारिंगी इशारा आपल्या गल्लीत पहाटे काय होईल हे सांगू शकत नाही. इशारा आणि गल्ली यांच्यातले हे अंतर वस्तीनेच भरून काढायचे असते.

पाण्याचा हिशेबही मंडळाच्या बैठकीत एकदा फळ्यावर मांडावा. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे 10 कोटी लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. मोकळ्या मातीत यातला बराच भाग मुरला असता. सिमेंटचे रस्ते, फरशीची अंगणे आणि स्लॅब यांवरून तो जवळजवळ सगळा नाल्याकडे धावतो. त्यात 1870 च्या सुमारास बांधलेल्या अंबाझरीच्या मातीच्या धरणाची गोष्ट वेगळी. त्याच्या सांडव्याला त्या वेळी दरवाजे नव्हते, त्यामुळे सप्टेंबरात भरलेल्या तलावात आलेले जादा पाणी थेट नाग नदीच्या अरुंद पात्रात उतरले. सांडव्यासमोरचे बांधकाम, पात्रातले अडथळे आणि पुलांची उंची यांवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. ती मागणी लावून धरलीच पाहिजे, कारण पात्र मोकळे होणे हाच दीर्घकाळचा उपाय आहे. मात्र पुढच्या पावसाळ्यात आपल्याला पात्र आहे तसेच मिळणार, हे धरूनच तयारी करावी.

पूर सगळीकडे सारखा येत नाही, हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाने तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांतून मोठा विसर्ग करावा लागला आणि पेंच व कन्हान काठची गावे पाण्याखाली गेली. तिथे दरवाजे उघडल्यापासून पाणी गावात पोहोचेपर्यंत काही तास हाताशी असतात, म्हणून वरच्या गावाने खालच्या गावाला फोन करण्याची साखळी तिथे प्राण वाचवते. नाग नदीकाठी तसे तास मिळत नाहीत. अंबाझरी ते आपली वस्ती हे अंतर पाण्याच्या दृष्टीने फारच थोडे आहे, आणि कन्हानकाठच्या गावाचा आराखडा जसाच्या तसा उतरवून घेतला तर तो इथे उपयोगी पडणार नाही.

म्हणून पहिला निर्णय खुणेचा. नदीवरच्या जवळच्या पुलाच्या खांबावर किंवा संरक्षक भिंतीवर महापालिकेच्या संमतीने दोन पट्टे रंगवून घ्यावेत. 2023 च्या पाण्याचे डाग वस्तीतल्या काही भिंतींवर अजून सापडतील. जुन्या रहिवाशांना विचारून, नदीत पाणी कुठवर आले असता आपल्या गल्लीत शिरायला लागले, ते नक्की करावे. लाल पट्टा त्या पातळीला आणि पिवळा पट्टा त्याच्या बराच खाली ठेवावा. पाणी पिवळ्याला लागले की गल्लीप्रमुख जागे होतात आणि तळमजल्यावरचे आजारी व वृद्ध वर हलवायला सुरुवात होते. लाल पट्ट्याला लागले की सगळेच वर. त्या वेळी कोणाची परवानगी घ्यायची नाही, अध्यक्षांना फोन लागतो का याची वाट पाहायची नाही. पट्टा पाहायला कोण जाणार, हेही नावानिशी ठरवावे, आणि तो माणूस रात्री जागा असणारा हवा, उदाहरणार्थ पुलाजवळचा चौकीदार. त्याला मंडळाने पावसाळ्याचे चार महिने थोडे मानधन द्यावे. बोटीच्या किमतीपुढे ते काहीच नाही. जोडीला गच्चीवर सरळ कडांचे एक भांडे ठेवले आणि त्यातले पाणी पट्टीने मोजले तरी पावसाचे मिलिमीटर कळतात. दोन पावसाळे नोंदी ठेवल्या की किती वेळात किती पाऊस झाला असता नदी कुठवर चढते, याचा वस्तीचा स्वतःचा अंदाज बसतो.

दुसरा निर्णय घरांच्या जोड्यांचा आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक फळ देणारा आहे. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला वरच्या मजल्याचे एक ठरलेले घर असावे. ‘वेळ आली तर कोणीही घेईल’ यावर विसंबू नये. रात्री तीन वाजता, अंगावर ओले कपडे, हातात म्हातारे माणूस आणि सोबत कुत्रे, अशा अवस्थेत अनोळखी जिना चढायला लोक कचरतात आणि खाली थांबतात. दोन्ही घरांनी एकदा चहाला बसावे, जिन्याच्या दाराची किल्ली कुठे असते ते दाखवावे, इतकेच. तळमजल्यावरचे विद्यार्थी, भाडेकरू, पार्किंगमधल्या खोलीत राहणारे चौकीदाराचे कुटुंब ही माणसे मंडळाच्या यादीत बहुधा नसतात, कारण ती यादी मालकांची असते. पाणी मात्र सर्वांत आधी त्यांच्याकडे जाते. नाल्यापलीकडच्या झोपड्यांचेही तेच. त्या पुरानंतर काहींनी अंगणे भर घालून उंच केली, कुंपणभिंती वाढवल्या. त्यातून पाणी कमी झाले नाही, ते शेजाऱ्याकडे वळले. पलीकडच्या वस्तीला बैठकीला न बोलावता केलेली तयारी अर्धीच राहील.

तिसरा निर्णय नोंदवहीचा. त्या पुरात प्राण गमावलेल्यांत घराबाहेर पडणे न जमलेल्या वृद्ध महिला होत्या, आणि शंकरनगर परिसरातल्या मूकबधिर विद्यालयातील सुमारे 40 विद्यार्थ्यांना बचाव पथकाने बाहेर काढले. भोंगा कितीही मोठा घेतला तरी तो या मुलांना ऐकू येणार नव्हता. म्हणून प्रत्येक गल्लीत अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, ऐकू न येणारे, डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे आणि दिवस भरत आलेल्या स्त्रिया यांची नोंद असावी आणि प्रत्येकासमोर दोन शेजाऱ्यांची नावे असावीत; दोन अशासाठी की एक गावाला गेलेला असतो. ही वही व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नये. कोण एकटे राहते आणि कोण आजारी आहे ही माहिती चोरालाही उपयोगी असते. गल्लीतल्या दोन विश्वासू माणसांकडे कागदावर ठेवावी.

घराच्या आत पाहायच्या गोष्टींपैकी एका गोष्टीवर मी अडून बसतो, ती म्हणजे खिडकीची ग्रिल. नागपूरच्या तळमजल्यांना चोरीच्या भीतीने चारी बाजूंनी पक्क्या ग्रिल असतात आणि पुढे बाहेरच्या बाजूला उघडणारे लोखंडी दार असते. मीटरभर रुंदीच्या अशा दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी टेकले, तर ते आतून उघडायला सुमारे सव्वाशे किलो वजनाइतका दाब सारावा लागतो. घरातल्या आजीला ते शक्य नाही, धडधाकट माणसालाही कठीणच. म्हणून प्रत्येक तळमजल्याच्या एका खिडकीच्या ग्रिलला उघडता येणारा, आतून कुलूप लावता येणारा भाग वेल्डरकडून करून घ्यावा, आणि त्याची किल्ली त्याच खिडकीजवळ, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्यावर अडकवावी. एका दिवसाचे काम आहे.

विजेचा मेन स्विच पाणी प्लगच्या उंचीला येण्याआधी बंद करावा. पाण्यात उभे राहून तो हाताळू नये. सिलिंडरचे रेग्युलेटर बंद करून काढून ठेवावे, कारण पाण्यात सिलिंडर तरंगतो आणि नळी ओढली जाते. गाडी वाचवायला खाली उतरू नये. घोट्याच्या थोडे वर असलेले वेगाचे पाणी माणसाला पाडते आणि दोन फुटांचे पाणी बहुतेक मोटारी उचलते. बुडालेली गाडी नंतर सुरू करून पाहण्याचा मोहही आवरावा. इंजिनात पाणी गेलेले असेल तर तेच कायमचे निकामी होते आणि विम्याचा दावाही अडतो. रस्त्यावर सर्वांत घातक असतात ती गडरलाइनची चेंबरे, कारण आतल्या दाबाने झाकणे उचलली जातात आणि गढूळ पाण्याखाली भोक दिसत नाही. वस्तीतल्या चेंबरांच्या जागा नकाशावर आणि भिंतीवर बाणाने दाखवून ठेवाव्यात, आणि पाण्यातून चालावेच लागले तर हातात काठी घेऊन, पुढची जमीन चाचपत, भिंतीच्या कडेने चालावे.

हे सगळे ठरले की रंगीत तालीम घ्यावी, आणि ती रविवारी सकाळी दहा वाजता छायाचित्रकार बोलावून घेऊ नये. रात्री नऊनंतर, दिवे बंद करून, पहिल्या फोनपासून शेवटचा अंथरुणाला खिळलेला माणूस वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून मोजावे. प्रत्यक्ष रुग्णाला हलवण्याची गरज नाही. तेवढ्या वजनाचा तरुण गोधडीच्या झोळीत घालून चौघांनी वळणाचा जिना चढून पाहावा. जिना अरुंद आहे, झोळी वळत नाही, कुलूप गंजले आहे, दुसऱ्या गल्लीचा प्रमुख फोन रात्री बंद ठेवतो, हे सगळे त्या अर्ध्या तासात बाहेर येते. तालीम जूनच्या आरंभी एकदा घेतली तरी पुरेशी नाही. 2023 चा पूर गणेशोत्सवात आला होता, आणि तोवर जूनमधले भाडेकरू बदललेले असतात. गणेश मंडळांची तरुण मुले तेव्हा तशीही रात्री जागी असतात. दुसरी तालीम त्यांच्याकडे सोपवावी.

आपण विचारले नसले तरी उन्हाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण पूर काही वर्षांनी येतो आणि ऊन दरवर्षी येते. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि 2016 पासून नागपूरही त्या वाटेने गेले. तरीही वस्तीच्या पातळीवर एक गैरसमज टिकून आहे, की हवामान खात्याने उष्णतेची लाट जाहीर केली तरच धोका. मैदानी भागात तापमान सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी वर जावे लागते किंवा थेट 45 गाठावे लागते, तेव्हा ‘लाट’ ठरते. मे महिन्यात नागपूरची सरासरीच 42-43 च्या घरात असल्याने पहिली अट इथे क्वचित पुरी होते, आणि 44 अंशांचा दिवस कागदावर साधा राहतो. कामाच्या शोधात ठिय्यावर उभ्या असलेल्या मजुरासाठी तो साधा नसतो. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंशांची नोंद झाली होती, ती लोकांच्या लक्षात आहे. 30 मे 2024 रोजी एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, पण संवेदकातील बिघाडामुळे तो आकडा आला होता असे हवामान खात्याने स्पष्ट केले. आकड्यांच्या या चढाओढीत रात्रीचे तापमान दुर्लक्षिले जाते. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबखालच्या खोलीत रात्रीही शरीराला उसंत मिळत नसेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी वृद्ध माणूस कोसळतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण हृदयविकार लिहिले जाते.

पुरासाठी केलेली तीच नोंदवही आणि तेच दोन शेजारी इथे कामाला येतात. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी तीनच्या सुमारास एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे दार एकदा ठोठवावे. बोलण्यात गोंधळ, चालण्यात झोक, अंग तापलेले असे दिसले तर 108 ला फोन करून गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत पंख्याखाली ठेवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला तर खालची खोली काही अंशांनी निवते. आणि कूलर तपासावा. लोखंडी टाकी, पाण्यातला जुना पंप, अर्थिंग नसलेला प्लग आणि पाणी भरताना ओले हात, या मेळाने नागपुरात दर उन्हाळ्यात माणसे जातात, लहान मुलेही. पाणी भरण्याआधी पिन काढणे आणि घरच्या बोर्डात गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी बसवणे, या दोन गोष्टींवर मंडळाचा पैसा खर्च झाला तर मला बोटीपेक्षा अधिक समाधान वाटेल. पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलर गार करत नाही, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून पंखाच बरा.

आकाशातून पडणाऱ्या विजेबद्दल थोडक्यात: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप गल्लीप्रमुखांच्या फोनमध्ये असावे, गडगडाट ऐकू येताच गच्ची व मैदान सोडावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ज्यांची शेती गावाकडे आहे त्यांनी हे सालदारालाही, म्हणजे शेतावरच्या वर्षभराच्या गड्यालाही, सांगावे, कारण वीज पडून होणारे मृत्यू प्रामुख्याने शिवारात, झाडाखाली आसरा घेतल्याने होतात. भूकंपाचा विचार आपल्या क्रमवारीत मागे असावा. 22 मे 1997 चा जबलपूरचा धक्का नागपुरातही जाणवला होता, पण इथला धोका तुलनेने कमी आहे आणि जुन्या इमारतींची डागडुजी हाच त्यावरचा उपाय आहे.

प्रशासनाशी वागताना कायद्याचा आधार माहीत असलेला बरा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि 2025 च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. मंडळाने ‘आम्हाला मदत द्या’ असे मोघम निवेदन देऊ नये. आपला आराखडा, नकाशा आणि पट्ट्यांची जागा जोडून तीन नेमक्या मागण्या कराव्यात: पावसाळ्यापूर्वी आपल्या टप्प्यातील गाळ कोणत्या तारखेला निघणार, तलाव सांडव्याच्या पातळीला आला की कोणता अधिकारी कोणाला फोन करणार, आणि आपल्या भागातून निळी व लाल पूररेषा कुठून जाते. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. घर घेणाऱ्याने आणि तळघर खोदणाऱ्यानेही ती आधी पाहावी. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना 12 दिवसांचे प्रशिक्षण मिळते, त्यात वस्तीतल्या चार-सहा जणांची नावे द्यावीत, आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण दिवसा वस्तीत त्याच असतात.

खरेदीपुरते सांगायचे तर दोन हातभोंगे, प्रत्येक गल्लीला शिट्ट्या आणि चांगल्या विजेऱ्या, जाड दोर, ताडपत्रीच्या मजबूत झोळ्या आणि मोजकी लाइफ जॅकेटे एवढे पुरे. हे सामान तळमजल्यावरच्या मंडळाच्या कार्यालयात ठेवू नये. पाणी आले की तेच आधी बुडेल. दोन वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या वरच्या मजल्यांवर विभागून ठेवावे, विजेऱ्यांचे सेल वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि दरवर्षी मे अखेरीस बदलावेत. त्यातून रक्कम उरली तर तळमजल्यावरच्या ज्या घरांना परवडत नाही त्यांच्या ग्रिलचे काम आणि आरसीसीबी मंडळाने करून द्यावे, आणि सुरुवात पार्किंगमधल्या खोल्यांपासून करावी.